जळक्या डीपीबरोबर तीन दिवस

आमच्या गावाहून भंडाऱ्याला मी आयुष्यात सहा-सात वेळा गेले असेन. कधी लग्नाला, कधी दवाखान्यात, एकदा कोर्टात. ट्रान्सफॉर्मर घेऊन पहिल्यांदाच गेले. आजवरच्या सगळ्या फेऱ्यांत ही फेरी भारी झाली. लग्नात जेवायला मिळतं, पण कळत काही नाही. या वेळी कळलं. ज्यांनी वीज कुठून येते ते पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी लिहिते.

होळी होऊन आठ दिवस झाले आणि आमचा डीपी जळाला. डीपी म्हणजे बांधावर दोन खांबांवर बसवलेली ती लोखंडी टाकी, तोच ट्रान्सफॉर्मर. या हंगामात दुसऱ्यांदा जळाला. त्याच्यावर उन्हाळी धानाच्या मोटारी आहेत आणि आमची भात गिरणी आहे. गिरणी अकरा बायांच्या बचत गटाची. मी गटाची अध्यक्ष, शिक्षण चौथी. दिवाळीनंतर आम्ही गिरणीत मोठी मोटार बसवली आणि तिच्याबरोबर ड्राइव्ह नावाची एक पेटी भिंतीवर लावली. पेटीमुळे मोटार झटक्याने सुरू न होता हळूहळू वेग घेते. पेटी घ्यायचा हट्ट माझाच होता.

डीपी जळायला लागला तोही दिवाळीनंतर. गावाने अर्थ लावला. शुक्रवारी ग्रामसभा ठरली, विषय एकच: गिरणीची लाइन तोडायची. ती तुटली की अकरा बाया पुन्हा दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखलात उभ्या राहणार. माझी कंबर आता वाकत नाही, म्हणजे मी घरी बसणार. घरी बसायचा मला कंटाळा आहे.

ग्रामसभा बोलावणारा मोरेश्वर. त्याचं शेत गिरणीला लागून आणि गावात मालवाहू गाडी त्या एकट्याचीच. वीज ऑफिसातून कळलं, डीपी तुम्ही स्वतः भंडाऱ्याच्या कारखान्यात पोचवला तर दुरुस्त झालेला दुसरा लवकर मिळेल. मंगळवारी सकाळी पोरांनी साखळीने डीपी खाली उतरवला आणि त्याच्या गाडीत चढवला. मी पिशवी घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"तू कायले येतं काकी?"

"तू एकटा गेला तर त्याईले सांगशीन, गिरणीनं जाळला म्हणून."

"मग कोणं जाळला? मी जाळला का?"

"तेच पाहाले जाऊन राहिली ना."

गाडी निघण्याआधी त्याने डीपीसमोर नारळ फोडला. आमच्या घरात सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हापासून नारळ फोडत नाहीत. जळालेल्या लोखंडाला नारळ कशाला, हेही मला कळलं नाही. खोबऱ्याचा तुकडा मात्र खाल्ला.

भंडारा

लाखांदूर मागे पडलं तेव्हा दोन्ही बाजूंनी उन्हाळी धान गुडघाभर उभं होतं. आपलं शेत सुकत असताना दुसऱ्याचं हिरवं शेत पाहणं वाईट. मोरेश्वर प्रत्येक पाणी भरलेल्या बांधीकडे पाहून चक् चक् करत होता. कोंढ्याच्या फाट्यावर आम्ही तर्री-पोहे खाल्ले. तर्री एवढी तिखट की दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. तो म्हणाला, "आता गावात सांगजो नको का मोरेश्वर रडला." मी म्हटलं, सांगीन. सांगितलं.

कारखाना गावाबाहेर होता. पत्र्याची मोठी शेड आणि अंगणात जळालेले डीपी ओळीने उभे. जिल्हाभरातले. प्रत्येकावर खडूने गावाचं नाव. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या करडी गावाचाही एक होता. आपल्याच गावात असं होतं असं वाटत असतं, इथे आल्यावर तसं राहत नाही.

आमचा डीपी उघडला तो बाईने. तिचं नाव शालू. पस्तिशीची, साडीवर पुरुषी शर्ट, हातात लांब पाना. तारांची वेटोळी भरायचं काम या शेडमध्ये बायाच करतात. पुरुष ओझी उचलतात. आमच्या गिरणीतही तसंच आहे, म्हणून मला ती शेड लगेच आवडली.

झाकण निघालं आणि जळक्या तेलाचा वास आला. मी वाकून पाहायला गेले, तर वर ओढलेल्या गाभ्यातून तेल निथळून माझ्या पदरावर पडलं. तो डाग अजून आहे.

"आजी, दूर व्हा. लुगडं गेलं ना."

"लुगडं जाऊ दे. आत काय हाये ते सांग."

तिने सांगितलं आणि मी थक्क झाले. आत काही फिरत नाही. एवढी वर्षं मला वाटत होतं की त्यात एखादं चाक असेल. लोखंडी पत्र्यांचे तीन खांब आणि प्रत्येक खांबावर दोन वेटोळी. एक बारीक तारेचं, हजारो वेढ्यांचं, त्यात अकरा हजाराची लाइन येते. दुसरं जाड तारेचं, थोड्या वेढ्यांचं, त्यातून आपल्या मोटारीपुरती वीज बाहेर निघते. आणि या दोन तारा एकमेकींना कुठेही चिकटलेल्या नाहीत.

"मंग वीज इकडून तिकडे जाते कशी?"

"लोखंडातून. ही तार लोखंडाले चुंबक बनवते, सोडते, पुन्हा बनवते. ते पाहून दुसरीत वीज उठते."

शेजारच्या घरी उखळात कांडण सुरू झालं की आमच्या फळीवरची भांडी वाजायची, ते मला आठवलं. मधे भिंत असूनही ठोका पोचायचा. मी शालूला तसं म्हटलं. ती म्हणाली, "असंच समजा. फक्त ठोका एका सेकंदात पन्नास वेळा."

मग तिने जळालेली वेटोळी बोटांनी चाचपली. कागदाचं वेष्टन पापडासारखं तुटत होतं.

"लोड जास्त होता?" मोरेश्वरने माझ्याकडे पाहत विचारलं.

"लोडानं जळला असता तर मीटरवर दिसलं असतं. तुमच्या वीज ऑफिसच्या कागदावर तर लोड कमीच हाये. अन् वीज पडली असती तर एक जागा फुटली असती. हा तिन्हीकडून सारखा भाजलाय. हळूहळू. मडक्यात भाजल्यासारखा."

"म्हणजे गिरणी नाई," मी म्हटलं.

"तसं मी नाई म्हटलं आजी. संध्याकाळी मेश्राम मॅडमले विचारा."

मेश्राम मॅडम तंत्रनिकेतनात वीज शिकवतात. जळालेले डीपी पाहायला नेहमी या शेडमध्ये येतात. संध्याकाळी आल्या. वयाने माझ्या नातीएवढ्या, पण बोलणं नीट, घाई नाही. त्यांनी आम्हाला तीन गोष्टी विचारल्या. गिरणीच्या मोटारीला ड्राइव्ह आहे का? आहे. शेतातल्या मोटारींना कंडेन्सर आहेत का?

इथे मोरेश्वर खोकला. कंडेन्सर म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. शेतीला तीन फेज वीज दिवसाचे काही तासच मिळते. ती गेली की घरच्या दिव्यांपुरती राहते आणि तेवढ्यावर मोटार फिरत नाही. पण तिला डब्यासारखे दोन-तीन कंडेन्सर जोडले की फिरते. ही आमच्या भागातली सगळ्यांना माहीत असलेली आणि कोणीच न बोलायची गोष्ट. एकदा जोडले की काढत कोणी नाही. तीन फेज आली तरी ते तसेच लागलेले राहतात. काढायला बांधावर जावं लागतं आणि जाणार कोण?

"हायेत," मी म्हटलं. "याच्याकडं हायेत, मायाकडं हायेत, सगळ्याईकडं हायेत."

"काकी!"

"खोटं हाये का?"

मॅडम हसल्या नाहीत. "यंदा किती डबे फुगून बाद झाले?"

मोरेश्वरने मान खाली घातली. "चार बदलले. मागच्या साली एकही नाई."

तिसरा प्रश्न होता, "दिवाळीनंतर डीपीचा आवाज बदलला का?"

मोरेश्वर म्हणाला, लक्ष नव्हतं. माझं होतं. डीपी आधी भुंग्यासारखा एकसारखा गुणगुणायचा. नवी मोटार आल्यापासून त्यात करकर यायची. गिरणी बंद केली की करकर कमी व्हायची. हे मला चार महिने माहीत होतं आणि मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या शेडमध्ये सांगितलं. मोरेश्वर माझ्याकडे वळला.

"आता मले सांगून राहिली?"

"तुले नाई. मॅडमले सांगून राहिली."

रात्री शालूने घरी नेलं. तिच्याकडे लाखोळीच्या डाळीचं वरण होतं, पण भाताऐवजी पोळी. आम्ही तिन्ही वेळा भात खाणारी माणसं. भंडाऱ्याची माणसं धानाच्या जिल्ह्यात राहून रात्री पोळी खातात आणि त्याला हलकं जेवण म्हणतात. मोरेश्वरने चार पोळ्या खाल्ल्या आणि जेवण कधी आहे असं मला हळूच विचारलं.

धरणाखालचं वीजघर

डीपी गुरुवारी मिळणार होता. बुधवारी मॅडम आपल्या विद्यार्थ्यांना वैनगंगेच्या धरणावरचं वीजघर दाखवायला नेणार होत्या. आदल्या दिवशी मी विचारलं होतं, डीपी वीज बनवत नाही, तर बनवतं कोण? त्या म्हणाल्या, "चला, दाखवते." गाडीत दोन जागा होत्या.

धरण मी पाहिलं होतं, पण वरून. वरून सगळेच पाहतात, फोटो काढतात, भजी खातात. आम्ही खाली उतरलो. दारात डोक्याला पिवळी टोपी घालायला दिली. पदरावर ती बसेना, घसरून नाकावर यायची. एका मुलीने पदर मागे खोचून पट्टा आवळला. मोरेश्वर म्हणाला, "काकी, सरपंच दिसून राहिली." मी म्हटलं, "मंग शुक्रवारी मायं ऐक."

जिना उतरत गेलो तशी पायाखालची जमीन थरथरायला लागली. आवाज कानात नाही, छातीत येत होता. मोठा हॉल, आणि मधोमध जमिनीतून वर आलेलं गोल घर. आमच्या गोठ्यापेक्षा मोठं. त्याच्या पोटात चाक फिरतंय, खाली पाणी त्याला ढकलतंय. एक दार उघडून फिरणारा दांडा दाखवला. माझ्या दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाही एवढा जाड, आरशासारखा चकचकीत, आणि न थांबता फिरत होता. मी तिथून हललेच नाही. पोरं पुढे गेली, मी तिथेच. सत्तरी ओलांडलेल्या बाईला एवढी ओढ कशाचीच लागत नाही, पण मला लागली.

मॅडम परत आल्या. म्हणाल्या, चाकाच्या कडेने लोहचुंबक बसवलेत, भोवती तारांची वेटोळी. चुंबक तारेजवळून गेलं की तारेत वीज उठते. एक बाजू गेली की इकडे, दुसरी गेली की तिकडे. म्हणून वीज लाटेसारखी पुढेमागे होते, सेकंदाला पन्नास वेळा.

"मॅडम, हे चाक तर सेकंदात पन्नास चक्करा मारून नाई राहिलं. मले डोळ्यानं मोजता येऊन राहिलं."

त्या थांबल्या आणि पोरांना हाका मारून परत बोलावलं. "आजींनी काय विचारलं ते ऐका. सांगा कोणी." पोरं वह्या चाळायला लागली. मग मीच विचार केला. बैलगाडीच्या चाकाला आपण लहानपणी काडी लावायचो. चाक एक फेरा घेई, पण काडी प्रत्येक आऱ्याला वाजे.

"चुंबक लय असतीन. आऱ्यासारखे."

"बरोबर!" मॅडम म्हणाल्या, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांची मला सवय नाही. कुठे पाहावं ते कळेना, म्हणून दांड्याकडे पाहिलं.

तिथल्या साहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. बाहेर कुठे मोटारी सुरू झाल्या की हे चाक जड होतं, वेग पडू नये म्हणून पाण्याचं दार आपोआप थोडं जास्त उघडतं. म्हणजे आमच्या बांधावरचं बटण मी दाबलं की इथल्यासारख्या चाकांना ते कळतं. मोरेश्वरलाही ते आवडलं. "मंग मी कंडेन्सर लावून चोरून चालवतो, तेही याईले समजते?" त्याने विचारलं. साहेब म्हणाले, वजन समजतं, नाव समजत नाही. मोरेश्वरला हायसं वाटलं.

शेवटी एका पडद्यावर लाट दाखवली. वर गेलेली, खाली आलेली, पुन्हा वर. वारा नसताना तलावाला येते तशी गुळगुळीत, कुठे ओरखडा नाही. "लक्षात ठेवा ही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या गावात काय दिसतं ते पाहू."

दुपारी पवनीत माशांचा रस्सा आणि भात खाल्ला. मोरेश्वर तीनदा भात मागून जेवला आणि मग माणसात आला.

परत गाव

गुरुवारी दुरुस्त केलेला डीपी घेऊन आम्ही निघालो. मॅडम दुसऱ्या दिवशी एसटीने लाखांदूरला आल्या, मोरेश्वर त्यांना गाडीतून घेऊन आला. लाइनमनने डीपी चढवला. तारेभोवती त्याने मॅडमच्या यंत्राचा चिमटा अडकवला आणि मी यंत्राच्या पडद्यासमोर बसले.

गिरणी बंद, मोटारी सुरू. लाट वीजघरासारखीच, थोडी मळकट.

"आता गिरणी लावा."

गिरणी लागली आणि लाटेला दात फुटले. विळ्याला असतात तसे. मी बोट लावून मोजले. मॅडमनी सांगितलं, या ड्राइव्ह वीज घोट घोट पीत नाहीत, लचके तोडतात. त्यामुळे पन्नासच्या मोठ्या लाटेवर अडीचशेच्या, साडेतीनशेच्या लहान लाटा चढतात. त्यांना हार्मोनिक्स म्हणतात. रोवणीच्या ओळीत सगळ्या बाया एका तालात वाकत असतात आणि एखादी मधेच पाच-पाच रोपं भराभर खोचते, तसं. काम होतं, पण ओळ बिघडते. त्या लहान लाटांनी डीपीचं लोखंड आणि तार उगाच तापते. मीटरवर लोड कमी आणि आत भट्टी.

मग मॅडमच्या सांगण्यावरून मोरेश्वर शेतांतून फिरून एकेकाचे कंडेन्सर सोडवत गेला. तो जसा पुढे जाई तसे पडद्यावरचे दात लहान होत. शेवटी राहिले, पण बोथट.

"कंडेन्सर या लहान लाटांना झोका देतात," मॅडम म्हणाल्या. "झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो उंच जातो, तसं."

"मंग चूक कोणाची?"

"सुरुवात तुमच्या पेटीची. वाढवली कंडेन्सरांनी. पेटीच्या आधी चोक लावा, म्हणजे लोखंडावर गुंडाळलेलं तारेचं वेटोळं. त्याने लचके तोडणं कमी होतं. आणि मोटार तशी चालवणंच बरोबर नाही, पण निदान तीन फेज असताना कंडेन्सर काढायला सांगा."

मोरेश्वर लांब होता. पडदा पाहिला मी, मॅडमनी आणि लाइनमनने. लाइनमन खांबाखाली तंबाखू मळत होता. ग्रामसभेला तासभर होता.

"सभेत मी सांगू, की तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

माझ्या मनात आलं, फक्त कंडेन्सरचं सांगावं. तेही खोटं नव्हतं. गटातल्या बाया गिरणीच्या दारात उभ्या राहून माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. पण मी ते दात मोजले होते, आणि मोजलेलं मला विसरता येत नाही.

"मी सांगीन," मी म्हटलं.

सभेत उभी राहिले आणि सरळ म्हटलं, "डीपी आमच्या गिरणीच्या पेटीनं तापते. अन् तुमच्या कंडेन्सरनं जास्त तापते. माया बांधीतले दोन धरून." आधी गलका झाला. मागून कोणी ओरडलं, "बाईनं कबूल केलं, आता तोडा लाइन!" गटातल्या बायांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला खाली बसावंसं वाटलं. बसले नाही.

मोरेश्वर उठला. मला वाटलं, आता हा लाइन तोडायचा ठराव वाचतो.

"लाइन तोडून काय होते बे? जास्त तापवणारे कंडेन्सर तर आपलेच ना! म्याच सोडले आज. बावीस निघाले, तीन माये. काकीनं आपल्या घरचं सांगतलं. कोणी अजून सांगते का?"

 मग एक हात वर गेला, मग दुसरा.

ठरलं ते असं: चोक येईपर्यंत गिरणी बंद, आणि तीन फेज आली की सगळ्यांनी कंडेन्सर काढायचे. ऐन भरडाईत बारा दिवस गिरणी बंद राहिली. गटातल्या तिघी अजून माझ्याशी बोलत नाहीत. तूच बोलली नसती तर चाललं असतं, असं त्यांचं म्हणणं. चाललं असतंच, तिसरा डीपी जळेपर्यंत.

चोक आला, बसवला. आता रोज तीन फेज आली की मोरेश्वर बांधावर जातो, डबा उघडतो आणि शिव्या देत तारा सोडवतो. मग गिरणीकडे तोंड करून ओरडतो, "काढले वो काकी!"

"मंग भरडून राहिली!" मी आतून ओरडते, आणि ड्राइव्हचं बटण दाबते.